तोटीचा माठ: अडत दुकानाला मानवला, माझ्या तब्येतीलाही

महाशिवरात्र उलटली की सांगली-मिरज रस्त्याच्या कडेला माठांच्या राशी लागतात. काळे, लाल, तोटीचे, बिनतोटीचे, पांढऱ्या रंगाने वेलबुट्टी काढलेले. यंदा मी त्यातले दोन उचलले. एक घरी ठेवला, दुसरा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात, जिथे मी हिशेबाचं काम बघते. पाणी पिणं वाढवायचंय, वजन थोडं उतरवायचंय, पण मोबाइलला गजर लावून किंवा रेघा मारलेली बाटली घेऊन ते काही होत नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मत आधीच सांगून टाकते. तोटीचा माठ मला साडेचारशेला पडला आणि तब्येतीसाठी यंदा केलेल्या खर्चात हाच सगळ्यात सार्थकी लागला.

दुकानात आधी वीस लिटरचा थंड पाण्याचा जार यायचा. सकाळी तो इतका गार असायचा की दातांना कळ लागायची. दुपारी दोनपर्यंत त्याच पाण्याला प्लास्टिकचा वास आणि कोमट चव. झाकण उघडून आत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागायचं. जारवाल्याला सांगितलं, त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तसाच जार ठेवून गेला. मग कोण पिणार ते पाणी? तहान चहावर भागायची. हळदीचे सौदे जोरात असले की यार्डात चहाची किटली फिरतच असते. शेतकरी आला की चहा, खरेदीदार आला की चहा, पट्टी झाली की चहा. समोर आलेल्या कपाला नाही म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. माझे दिवसाला पाच-सहा कप सहज व्हायचे.

यंदाच्या तपासणीत शुगर काठावर निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, "पाच किलो वजन उतरवा. चहा दोनवर आणा आणि जेवायच्या अर्धा तास आधी दोन पेले पाणी प्या. तीन महिन्यांनी या." मी विचारलं, पाण्याने खरंच वजन उतरतं का? त्यांचं उत्तर मला फार आवडलं. "पाण्याने उतरत नाही, पाण्यामुळे जे पोटात जायचं थांबतं त्याने उतरतं."

हा हिशेब माझ्या कामातलाच, म्हणून कागदावर मांडला. चहाचा चमचा भरून साखर म्हणजे पाच ग्रॅम, म्हणजे वीस कॅलरी. यार्डातल्या चहात कपाला दोन चमचे धरले तर चाळीस. पाच कपांचे दोनशे, तेही दूध न धरता. अडीचशे मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाच चमच्यांच्या वर साखर असते. पाण्यात शून्य. चपाती, भात, आमटी यांना हात न लावता रोजचे दीड-दोनशे कॅलरी वगळण्याची यापेक्षा सोपी वाट मला तरी दिसली नाही.

जेवणाआधीच्या पाण्यावर अभ्यासही झालेले आहेत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने 55 ते 75 वयाच्या 48 जणांवर केलेला प्रयोग 2010 साली छापून आला. दोन्ही गटांना सारखाच कमी कॅलरीचा आहार होता. फक्त एका गटाला प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावलं. 12 आठवड्यांनी त्या गटाचं वजन दुसऱ्यापेक्षा सुमारे दोन किलोंनी जास्त उतरलं होतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 84 लठ्ठ माणसांवर केलेला तसाच प्रयोग 2015 साली छापून आला, तिथे फरक 1.3 किलोचा आला. म्हणजे जादू नाही, पण फुकटातला फायदा नक्की आहे. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं गरम पाण्याने चरबी वितळत नाही. आणि लिंबू-मधाच्या पाण्यातल्या मधाच्याही चमच्याला वीसेक कॅलरी असतात, त्या धराव्या लागतात.

आता माठाकडे येते.

विकणाऱ्या मावशी राशीशेजारी छत्री लावून बसल्या होत्या. मी वरचा चकचकीत, तेलकट दिसणारा माठ उचलला, तसा त्यांनी हातातून काढून घेतला. "ताई, ह्यो नका घेऊ. ह्याला वरनं रंग मारलाय. पाझरणार न्हाई, मग गार कसा हुईल?" मग खालचा एक साधा, खरबरीत माठ काढला, डाव्या हाताच्या तळव्यावर तोलला आणि उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी चारी बाजूंनी वाजवून दाखवला. टण् टण् असा आवाज सगळीकडे एकसारखा. नंतर मुद्दाम बाजूला ठेवलेला दुसरा वाजवला, तो एका जागी भदभद बोलला. "हितं चीर हाय. डोळ्याला दिसत न्हाई, पाणी भरलं की दिसती." स्वतःच्या मालातली खोट गिऱ्हाईकाला अशी वाजवून दाखवणारं दुकान मला पुन्हा सापडेल असं वाटत नाही. त्यांना पाचपैकी पाच.

तोटी बसवण्याचं काम त्यांच्या मुलाने केलं. भोकाच्या आतून एक आणि बाहेरून एक असे दोन रबरी वायसर, आणि नट हाताने आवळलेला, पान्हा लावलेला नाही. पान्ह्याने आवळलं की भोकाच्या कडेला तडा जातो, असं तो म्हणाला. चार जास्तीचे वायसर न मागता पिशवीत टाकले, तेही लिहून ठेवते. घरचा बिनतोटीचा माठ अडीचशेला मिळाला. त्यावर मातीचं झाकण, आणि पाणी काढायला सासूबाईंचं जुनं पितळी ओगराळं वापरात आलं.

नवा माठ आणल्या आणल्या प्यायला घ्यायचा नाही. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचा, नंतर भरून-ओतून पहिली तीन-चार पाणी झाडांना घालायची. भाजलेल्या मातीची उग्र चव निघून जाते आणि ओल्या मातीचा वास तेवढा मागे राहतो. आत साबण कधीही घालू नका, माती तो शोषून घेते. नारळाच्या काथ्याने किंवा नुसत्या हाताने आतून चोळायचं आणि धुऊन टाकायचं. मी दर दोन-तीन दिवसांनी धुते.

दुकानात तो लोखंडी तिवईवर ठेवलाय, मागच्या दारापाशी, सावलीत आणि वाऱ्यात. पहिल्यांदा भरला तेव्हा मी शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. काही वेळ काहीच झालं नाही. मग पोटाखालचा भाग गडद होत वर चढायला लागला. तासाभराने सगळ्या अंगावर बारीक दव आलं, हळदीच्या धुळीचा पिवळा थर त्यात भिजून ओघळायला लागला. हे बाहेर आलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, आणि ती घेतं आतल्या पाण्यातून. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 580 कॅलरीच्या आसपास उष्णता लागते (ही शास्त्रातली छोटी कॅलरी, आहारातली तिच्या हजारपट). तेवढ्यात जवळपास 58 ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा कोरडी आणि पारा चाळिशीला टेकलेला, म्हणून माठाचं काम तेव्हाच सगळ्यात चांगलं चालतं. पाणी फ्रिजसारखं बर्फगार होत नाही, आणि मला तेच हवं होतं. एका दमात पेला रिकामा करता येतो, घसा धरत नाही.

खरा फरक इथे पडला. दुकानात कुणी कुणाला पाणी प्या म्हणून सांगितलं नाही, पण पिणं आपोआप वाढलं. हमालीचे आप्पा आधी जारकडे फिरकत नसत. आता प्रत्येक गाडी उतरवली की येऊन तोटीखाली तांब्या धरतात आणि तोंड न लावता वरून ओततात. पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवर वाहणाऱ्या माणसाला मे महिन्यात किती घाम येत असेल याचा विचार करा. त्यांच्यासाठी मी शेजारी मिठाची डबी आणि लिंबं ठेवायला लागले, शेठजींनी खर्चाला लगेच होकार दिला. माझं म्हणाल तर डबा उघडण्याच्या अर्धा तास आधी दोन पेले हा नेम झाला. दुपारी चारला जी भूक वाटायची, भडंगाची पुडी उघडायला लावायची, ती बऱ्याचदा एका पेल्याने शमते. चहा दोन कपांवर आला, एका कपात साखर अर्धी. पावसाळा लागेपर्यंत वजन तीन किलोंनी उतरलं आणि सकाळची शुगरही खाली आली. संध्याकाळी आमराईत चालायलाही लागले होते, त्याचाही वाटा यात आहे, सगळं श्रेय मी पाण्याला देणार नाही.

घरच्या माठाचा फायदा आमच्या ह्यांना झाला. त्यांना मूतखड्याचा त्रास. पाणी पिण्याचा सगळ्यात पक्का पुरावा वजनापेक्षा याच बाबतीत आहे. इटलीत 199 रुग्णांवर पाच वर्षं चाललेला अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी पिऊन दिवसाला दोन लिटरच्या वर लघवी होईल असं बघणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांपैकी 27 टक्क्यांना. ज्यांनी ती कळ एकदा सोसलीय त्यांना या दोन आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

किती प्यावं, यावरून आमच्या बायकांच्या गटात बरीच वादावादी झाली. दिवसाला आठ पेले हा आकडा कुठल्या शास्त्राने ठरवलेला नाही. 1945 साली अमेरिकेच्या पोषण मंडळाने रोज अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, आणि लगेच पुढे म्हटलं की यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य धरलं, दुसरं सोडलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 साली बायकांना दोन आणि पुरुषांना अडीच लिटर सांगितलं, तेही आमटी, ताक, कलिंगड सगळं मिळून आणि बेताच्या हवेत. सांगलीच्या उन्हाळ्यात ते वाढणारच. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं झालं, ही खूण सगळ्यांना झेपते. आणि वजनाच्या नादात ढसाढसा तीन-चार लिटर एका बैठकीत पिणं धोक्याचं आहे. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकतात, त्यापलीकडे रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच प्यावं. माझ्या आईला दिवसाला लिटरचीच मुभा आहे, तिच्यापुढे मी हा विषय काढतही नाही.

माठाच्या उण्या बाजू आहेत, त्याही ऐका. तोटी तळापासून तीन बोटं वर असते, त्यामुळे खालचं पाणी निघत नाही. रोज सकाळी माठ कलता करून ते ओतावंच लागतं, नाहीतर त्यातच गाळ साठतो. रबरी वायसर महिन्या-दोन महिन्यांत सैल होतो आणि थेंब थेंब गळायला लागतो, बदलायला पाच मिनिटं लागतात. बोअरचं जड पाणी भरलं तर बाहेरून पांढरा खार फुटतो, छिद्रं बुजतात आणि गारवा कमी होतो. त्या कारणाने दुकानातला माठ पुढच्या उन्हाळ्यात इतका चालेल असं मला वाटत नाही. घरचा, कृष्णेच्या पाण्यावरचा, चालेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की ते गाळून, उकळून, निववूनच माठात घाला. 2019 च्या महापुरात घराघरांत पाणी शिरलं होतं आणि प्यायच्या पाण्यासाठी टँकरपुढे रांगा होत्या, हे सांगलीकरांना सांगायला नको. तसंही जून लागला, हवेत ओल आली की पाझरलेलं पाणी वाळत नाही आणि माठ नुसता ओला बसून राहतो. तेव्हा तो धुऊन, दोन दिवस उन्हात कडक वाळवून पालथा ठेवायचा.

घ्यायचा असेल तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला घ्या. अक्षय्य तृतीयेला पाण्याचा कुंभ दान द्यायला सगळे धावतात, तेव्हा भाव चढलेले असतात आणि चांगले माठ निवडून गेलेले असतात. चार-पाच माणसांच्या घराला दहा-बारा लिटरचा पुरतो, दुकानाला वीसचा. रंग दिलेला टाळा, चारी बाजूंनी वाजवून बघा, पितळी तोटी मिळाली तर पन्नास-साठ रुपये जास्त द्या आणि वायसर मागून घ्या.