चार तारे दिलेत, पाचवा नोट्सच्या पान ६२ ने खाल्ला

वय ५३, पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती. "बाबा, दिवसभर आईच्या मागे भुणभुण करण्यापेक्षा काहीतरी शिका," असं लेकीने सुनावलं, म्हणून नारायण पेठेतल्या या क्लासची शनिवार-रविवारची जावा या प्रोग्रामिंग भाषेची बॅच घेतली. फी साडेनऊ हजार. पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत यायचं. खुर्च्या शाळकरी पोरांच्या मापाच्या. बॅचमधली मुलं मला काका म्हणतात, सरही काकाच म्हणतात. चालायचंच.

पण इनहेरिटन्स, म्हणजे एका साच्यावरून दुसरा बनवणं, ज्या दिवशी शिकवलं, त्या एका दिवसात निम्मी फी वसूल झाली. सरांनी फळ्यावर 'बस' नावाचा क्लास (प्रोग्राममधला साचा, शिकवणीचा नव्हे) लिहिला, त्याच्यावरून 'ईबस'. (जावात नावं देवनागरीत देता येतात, हे मला इथेच कळलं. कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, तेवढे इंग्रजी.) दोन्हींत 'आवाज' ही साधी इन्स्टन्स मेथड (मेथड म्हणजे नाव दिलेलं काम, इन्स्टन्स म्हणजे साच्यातून काढलेल्या एकेका वस्तूचं) आणि 'भाडे' ही स्टॅटिक (वस्तूचं नाही, थेट क्लासचं). मग व्हेरिएबल (नावाची पाटी लावलेला डबा) 'बस' प्रकारचं घेतलं आणि त्यात ऑब्जेक्ट, म्हणजे साच्यातून काढलेली वस्तू, टाकला 'ईबस'चा. दोन्ही मेथड बोलावल्या तर काय छापून येईल? आधी वहीत लिहा म्हणाले, मशीनला हात लावायचा नाही. १४ पैकी ११ जणांनी दोन्हीकडे ईबस लिहिलं. मी त्या ११ तलाच.

चालवून बघितलं तर आवाज ईबसचा, भाडं साध्या बसचं!

सर म्हणाले, इन्स्टन्स मेथड कोणाची चालवायची ते प्रोग्राम चालू असताना समोरचा ऑब्जेक्ट बघून ठरतं. स्टॅटिकला ऑब्जेक्ट लागतच नाही. कंपायलर (आपला प्रोग्राम चालण्याआधी तपासून मशीनसाठी तयार करणारा) व्हेरिएबलची पाटी वाचतो आणि आधीच निकाल लावून मोकळा होतो. पाटी स्वारगेटची आणि गाडी निघाली कात्रजला, तरी त्याच्या लेखी स्वारगेटच. मागच्या बाकावरच्या दोघांना पटेना, तेव्हा सरांनी त्याच व्हेरिएबलमध्ये नल, म्हणजे 'आत काहीच नाही', घातलं. भाडं तरीही छापलं गेलं. नल पॉइंटर एक्सेप्शन (रिकाम्या डब्याला काम सांगितलं की येणारी चूक) नाही, काही नाही. 'आवाज'वर मात्र प्रोग्राम आडवा झाला. तेव्हा स्टॅटिक मेथड क्लासच्या नावानेच बोलवा, वाचणारा फसत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

आता छापील नोट्स. पान ६२: 'चाइल्ड क्लास पेरेंटची स्टॅटिक मेथड ओव्हरराइड करू शकतो.' (चाइल्ड म्हणजे 'ईबस', पेरेंट म्हणजे 'बस'; ओव्हरराइड म्हणजे ऑब्जेक्ट बघून चाइल्डची मेथड चालणं.) साफ चूक. स्टॅटिकमध्ये चाइल्डची मेथड पेरेंटची फक्त झाकते, त्याला हायडिंग म्हणतात, आणि फळ्यावर आम्ही तेच तर पाहिलं होतं. घरी जाऊन 'ईबस'च्या भाडेवर ओव्हरराइडचं अ‍ॅनोटेशन (कंपायलरसाठीची खूणचिठ्ठी) लावलं, कंपायलरने दारातच अडवलं. पुढच्या पानावर मेन मेथड (जिथून प्रोग्राम सुरू होतो ती) स्टॅटिकच हवी असं ठासून लिहिलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये जावा २५ आलं, तेव्हापासून तीही सक्ती राहिलेली नाही. काउंटरवर नेऊन दाखवलं तर उत्तर मिळालं, "काका, नोट्स वरून येतात. चाचणीत हेच लिहा, मार्क मिळतील." सरांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून हसले.

बॅच घ्यायचीच तर याच सरांची मागा, काउंटरवाले दुसऱ्या बॅचचा आग्रह करतील. माझ्या प्रतीत दोन्ही पानं पेन्सिलीने दुरुस्त केली आहेत. कोणाला हवी असतील तर रविवारी या, तळमजल्यावर दोन रुपयांत झेरॉक्स होते.