दोन रुपयांचा वॉशर : जुन्या गाडीच्या दरवाजाच्या पॅडचा दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या दत्तजयंतीला मावशीला सारंगखेड्याच्या यात्रेला नेलं होतं. परत येताना दोंडाईच्यात वर्षाची मिरची घेतली, पोतं डिकीत टाकलं. मावशी मागे डाव्या बाजूला बसली, दार ओढलं, आणि दार जागच्या जागी राहून आतला अख्खा पॅड हँडलसकट तिच्या मांडीवर आला. "हाई काय व्हयनं रे भाऊ? तुनी गाडीनं दार मना हातमा उनं!" बेटावद येईपर्यंत ती कोपराने पॅड दाबून बसली होती. मिरचीच्या ठसक्याने शिंकली की पॅड सुटायचा, की परत दाबायचा. अमळनेरला उतरताना म्हणाली, "पुढला साल मी एस्टीनी जासू."

गाडी २००८ ची, पेट्रोल. पुढे पॉवर विंडो, मागे हाताने फिरवायची मूठ. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक छोट्या गाड्यांचे पॅड असेच बसवलेले आहेत. वरची कड काचेच्या पट्टीत अडकवलेली, हँडलच्या वाटीत एक-दोन स्क्रू, आणि बाकी सगळा भार कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपांवर. माझ्या मागच्या दाराला नऊ. उघडून बघितलं तर चार शाबूत, तीन मोडक्या आणि दोन मुळात नव्हत्याच. त्या दोन कोणी खाल्ल्या हे पुढे येईल.

आधी धुळ्याला सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "पॅड असेंब्ली ३,८५०, ऑर्डर करावी लागेल, ॲडव्हान्स पूर्ण, रिटर्न नाही." म्हटलं, मला पॅड नको, पॅड चांगला आहे, क्लिपा द्या. "क्लिप सेपरेट येत नाही सर." आणि हे तो ज्या काउंटरमागून बोलत होता, त्याच काउंटरवर बरणीच्या झाकणात दहाबारा क्लिपा पडलेल्या! मी बोट दाखवलं. "त्या दुसऱ्या मॉडेलच्या." एक उचलून माझ्या खिशातल्या मोडक्या क्लिपेशेजारी ठेवली. डोळे बांधून कोणती कोणाची सांगता आलं नसतं. वीस मिनिटं वाद झाला, मॅनेजर आला, त्याने मला पाणी दिलं. क्लिप दिली नाही. पाणी पिऊन घरी आलो.

गावातल्या गॅरेजवाल्याचा उपाय सोपा होता : पॅडवरून सरळ पत्र्यात स्क्रू, शंभर रुपये, दहा मिनिटं. उजव्या दाराला आधीच्या मालकाने तेच केलेलं आहे, त्यामुळे त्याची फळं माहीत आहेत. स्क्रू जरा लांब असला की खाली आलेली काच त्याला घासते, आणि एकदा पत्र्याला भोक पाडलं की गंज तिथूनच सुरू होतो. नको म्हटलं.

मग ऑनलाइन डबा मागवला. शंभर मिश्र क्लिपा, सोबत प्लास्टिकच्या चार पट्ट्या, २४९ रुपये. मागवायच्या आधी पत्र्याचं भोक मोजा, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण मी मोजलं नव्हतं. माझं भोक ८ मिलिमीटरचं. डब्यात ७, ८, ९, १० सगळ्या होत्या, त्यामुळे वाचलो. ७ ची क्लिप ८ च्या भोकात जाते, बसल्यासारखी वाटते, आणि पहिल्याच गतिरोधकावर बाहेर येते.

काढायची पद्धत थोडक्यात. काच फिरवायच्या मुठीमागे तारेचं इंग्रजी सी अक्षरासारखं लॉक असतं. मुठीमागे जुनं फडकं घालून चपला पॉलिश करतात तसं मागेपुढे ओढायचं, लॉक उडतं. खरोखर उडतं. माझं मागच्या सीटखाली तीन दिवसांनी सापडलं, म्हणून दुसरा हात आडवा धरा. मग वाटीतले स्क्रू काढायचे, आणि खालच्या कोपऱ्यातून पट्टी घालून क्लिपेच्या अगदी शेजारी उचलायचं. मधोमध उचललं तर क्लिप राहते आणि पॅडच फाटतो. डबा यायच्या आधी मी घाईघाईत स्वयंपाकघरातलं उलथनं फडक्यात गुंडाळून वापरलं होतं. काम झालं, पण उलथन्याची धार वाकली आणि पुढचे चार दिवस घरात प्रत्येक धिरड्यावर त्याचा उल्लेख झाला.

बसवताना उलटं. आधी वरची कड, मग कोपरे, मग तळहाताने एकेक थाप. प्रत्येक क्लिप भोकाच्या समोर आहे का हे खालून डोकावून बघितल्याशिवाय थाप मारू नका, नाहीतर ती आतल्या आत दुमडते. नऊपैकी दोन माझ्या अशाच गेल्या. पण ९१ उरल्या होत्या, त्यामुळे झोप उडाली नाही.

पॅडच्या मागच्या दोन खोबणी, म्हणजे ज्यात क्लिपेचं डोकं सरकवतात त्या, फाटलेल्या होत्या. जुन्या पॅडचा पाठीचा भाग लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पुठ्ठ्याचा असतो, तो कालांतराने मऊ पडतो. घरातल्या जुन्या स्विचबोर्डाचा हायलमचा, म्हणजे त्या कडक पातळ फळीचा, तुकडा कापला, कानशीने त्याला किल्लीच्या भोकासारखी खाच केली आणि इपॉक्सी पुट्टीने पाठीला बसवला. पुट्टी चाळीस रुपये. ही दुरुस्ती आजही मूळ कंपनीच्या खोबणीपेक्षा मजबूत आहे, आणि मी ती आलेल्या-गेलेल्याला दाखवतो.

आता मुद्द्याचं. वॉशर.

मूळ क्लिपेच्या मानेभोवती राखाडी फोमचा एक छोटा वॉशर असतो. करंगळीच्या नखाएवढा. डब्यातल्या शंभरपैकी एकाही क्लिपेला तो नव्हता! फोटोत होता, मी फोटो मोठा करून बघितला. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, वॉशर शोभेचा आहे, फरक पडत नाही, हवे तर साठ रुपये परत करतो. शोभेचा? पॅडच्या मागे, जिथे गाडी भंगारात जाईपर्यंत कोणाची नजर जाणार नाही, तिथे कोणती कंपनी शोभा करेल? साठ रुपये घेतले, पण राग गेला नाही. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेली दोन मिलिमीटरची फोम शीट होती. कागदाच्या पंचिंग मशीनने भोक पाडायचं आणि भोवती कात्रीने गोल कापायचं. एका संध्याकाळी वीस वॉशर झाले. पण पॅड तोवर बसवून झाला होता आणि चांगला बसला होता. म्हणून ते वीस वॉशर आगपेटीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवले.

खडखड गेली, दार लावताना पत्र्याच्या डब्यासारखा होणारा खण्ण आवाज जाऊन भरीव थप्प आवाज यायला लागला. इथपर्यंतचा मजकूर मी एप्रिलमध्ये लिहून ठेवला होता. तेव्हा शेवटी पाच तारे दिले होते, आणि "वॉशर नसला तरी चालतो, विक्रेता बरोबर होता" असं एक वाक्यही होतं. ते वाक्य आता खोडलं आहे. पुढचं ऑक्टोबरमध्ये लिहितो आहे.

मे महिना. पारा ४५ वर, गाडी ऑफिसबाहेर उन्हात. आपल्याकडे दुपारी बंद गाडीत स्टिअरिंगला हात लागत नाही, हे सांगायची गरज नाही. पुढच्या दाराच्या पॅडवरचं कापड सुटायला लागलं होतं, ते मी हुशारीने ग्लू गनने चिकटवलं. ती कांडी मुळात वितळवून लावायची वस्तू, उन्हात तापलेल्या दारावर ती काय टिकणार? तिसऱ्या दिवशी कापडाला फुगा आला आणि तार सुटलेल्या पाकासारखा गोंद खाली ओघळला. झटपट चिकटणारा गोंद आणखी वाईट, तो काचेसारखा कडक होतो आणि दाराच्या हादऱ्याने तुटतो. रबरी सोल्यूशन, जे चांभार आणि सीटवाले वापरतात, ते दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकवून मग दाबलं. अजून टिकून आहे. क्लिपांना मात्र उन्हाने काही झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मग पावसाळा. जुलैत एक दिवस मागे डाव्या बाजूचं पायपुसणं ओलं. वाटलं मुलीची पाण्याची बाटली. ती नाही म्हणाली, मी खोटं ठरवलं, ती रडली. ऑगस्टमध्ये दोन दिवस झड लागली, परत ओलं, आणि पॅडची खालची कड भिजल्या बिस्किटासारखी फुगलेली. आठवड्याभरात दोन क्लिपा सुटल्या आणि दार लावताना परत खण्ण. पाच तारे गेले.

पॅड पुन्हा उतरवला तेव्हा कळलं. दार आतून कोरडं असतं असा माझा समज होता. तसं नसतं. काचेच्या बाहेरच्या बीडिंगवरून, म्हणजे रबरी पट्टीवरून, पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, ते उतरावं आणि खालच्या भोकांतून बाहेर जावं अशीच रचना असते. पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा कागद डांबरासारख्या काळ्या चिकट वातीने लावलेला असतो. त्या वातीला ब्युटाइल म्हणतात. तो कागद पाणी आत येऊ देत नाही. माझ्या दारात त्याचा तळहाताएवढा तुकडा वरच्या कोपऱ्यात लोंबत होता, बाकी काही नाही. तीन वर्षांपूर्वी एकाने काच वर-खाली करणारी मशीन बदलली होती, त्याने तो फाडून टाकला असणार, आणि त्या दोन क्लिपाही त्यानेच खाल्ल्या असणार. मी स्वतः डिसेंबरमध्ये तो लोंबता तुकडा बघून "हे काय कचरा" म्हणालो होतो, तेही लिहून ठेवतो.

शिवाय खालची भोकं काळ्या मातीने बुजलेली. तारेने टोकरलं तेव्हा चहाच्या कपाएवढं गढूळ पाणी पडलं. आणि क्लिपांच्या भोकांभोवती, नऊच्या नऊ ठिकाणी, पॅडच्या पाठीवर पाण्याचे गोल डाग. पाणी त्या भोकांतूनसुद्धा येत होतं. जिथे वॉशर असायला हवा होता, बरोबर तिथून. ते डाग बघून मला विक्रेत्याला फोटो पाठवायचा फार मोह झाला. पाठवला. उत्तर नाही.

नवा कागद शोधण्यात एक रविवार गेला. चुलतभावाकडे मल्चिंग पेपर होता, तो २५ मायक्रॉनचा, हातात धरला तरी फडफडतो. गाडी चालली की दारातून कबुतर अडकल्यासारखा आवाज यायला लागला. मग त्यानेच शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा दिला, ५०० मायक्रॉन. तो इतका ताठ, की दाराच्या खाचाखळग्यांवर बसेना. वर म्हणाला, "कसाले इतला ताप करस? शंभर रुपयाना स्क्रू मार." शेवटी नवी गादी ज्या जाड पिशवीत आली होती, ती पिशवी कापली. सुबक बसली. ब्युटाइलची गुंडाळी १८० रुपयांना मिळाली, चार दारांना पुरेल इतकी आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा : कागदाची खालची कड दाराच्या पोकळीत खोचायची, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत पोकळीत पडतं. बाहेर ठेवली तर तेच पाणी नीट पन्हाळीतून आणल्यासारखं पायपुसण्यावर येतं.

फुगलेली कड दोन दिवस उन्हात सुकवली, दोन फळ्यांमध्ये शिकंज्यात धरली, रबरी सोल्यूशन पाजलं. पूर्वीसारखी सपाट झाली नाही, पण बसली. आणि आगपेटी काढली. नऊ क्लिपा, नऊ वॉशर.

सप्टेंबरचा पाऊस झाला. पायपुसणं कोरडं. मुलीला आइस्क्रीम द्यावं लागलं. दाराचा आवाज थप्प, आणि वॉशरमुळे तो थप्पही आधीपेक्षा मऊ आहे. हे मी एकटाच ऐकू शकतो असं घरातल्यांचं म्हणणं आहे. आजवरचा खर्च साठ रुपये वजा जाता साडेचारशेच्या आत, उलथनं धरून.

डब्याला तीन तारे. क्लिपा चांगल्या आहेत, तो एक तारा कमी वॉशरसाठी आणि दुसरा "शोभेचा" या शब्दासाठी.

मावशीला परवा फोन केला, दिवाळीला न्यायला येतो म्हटलं. तिने विचारलं, "त्याच गाडीमा?" म्हटलं हो, दार पक्कं केलं आहे. म्हणाली, "मंग मी पुढे बठसू."

पुढच्या डाव्या दाराच्या पॅडच्या दोन क्लिपा ढिल्या आहेत. आगपेटीत अकरा वॉशर शिल्लक आहेत.