पान पिवळे का पडले? : रावेरकडील एका माती-पान तपासणी सेवेचा अनुभव

रावेर तालुक्यातील आमच्या मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत) केळी निसवू, म्हणजे घड बाहेर टाकू लागली आणि त्याच सुमारास खालची पाने वेळेआधी पिवळी पडू लागली. हा करपा, म्हणजे पानांचा बुरशीजन्य रोग नव्हता, कारण पानावर रेघाही नव्हत्या आणि ठिपकेही नव्हते. पिवळेपणा कडेने नारिंगी होत आत सरकत होता, शेंडा आत वळत होता आणि काही दिवसांत मधली शीर मोडून पान बुंध्यावर लोंबू लागत होते. खताच्या दुकानात पाने हिरवी ठेवणारे टॉनिक लगेच पुढे करण्यात आले. ते न घेता मी तालुक्याच्या गावातील एका खासगी प्रयोगशाळेत माती आणि पान दोन्ही तपासून घेतले.

मातीच्या अहवालात सामू (पीएच) ८.३, चुनखडी जास्त, जस्त ०.४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.४ भाग (किमान ०.६ हवे) आणि पालाश (पोटॅश) 'भरपूर' असे आले. पानात मात्र पालाश २.१ टक्केच निघाले. निसवताना वरून तिसऱ्या पानात ते ३ टक्क्यांच्या आसपास असावे लागते. केवळ मातीचा कागद हाती असता, तर मी पोटॅश बंद केले असते. ही विसंगती तिथल्या मृदातज्ज्ञ ताईंनी समोर बसवून समजावली, आणि या सेवेचे खरे मोल मला तिथे दिसले. काळ्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळांपाशी पालाशाला अडवतात. त्यातच घड भरताना फळांची ओढ वाढते, आणि पालाश झाडात सहज फिरणारे असल्यामुळे झाड ते जुन्या पानांतून काढून घडाकडे पाठवते. म्हणून आधी खालचे पान जाते.

माझ्या ठिबकचे तास ऐकल्यावर त्यांनी पाण्यावरही बोट ठेवले. पिकवण केंद्रात कच्च्या केळीवर सोडतात तो इथिलीन वायू झाड स्वतःही तयार करते, आणि पान म्हातारे करण्यात त्याचा हात असतो. वाफसा (ओल आणि हवा यांचा मेळ) हरवून मुळे गुदमरली, की इथिलीनचा पूर्वपदार्थ मुळांतून रसाबरोबर वर चढतो आणि पानात हवा मिळताच त्याचा वायू होतो. टोमॅटोवरील प्रयोगांत हे दिसून आलेले आहे. याउलट पानाला तरुण ठेवणारे सायटोकायनिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात मुळांच्या टोकांशी बनते, आणि नायट्रेट मिळाले तर अधिक बनते. जस्त कमी पडले, तर वाढीचे संप्रेरक ऑक्झिन घटते. टॉनिकविषयी विचारल्यावर त्यांनी थट्टा केली नाही. १९५७ मध्ये रिचमंड आणि लँग या संशोधकांनी कायनेटिन (एक सायटोकायनिन) वापरून तोडलेल्या पानांचे पिवळे पडणे लांबवले होते, हे त्यांनी सांगितले. पण तोडलेल्या पानाला मुळे नसतात, तुमच्या झाडाला आहेत, तेव्हा आधी ती मोकळी करा, असेही त्या म्हणाल्या.

आता तक्रारी. नमुना न्यायला आलेल्या मुलाने सर्वांत खालचे अर्धवट वाळलेले पान तोडायला घेतले होते. मी अडवले नसते, तर सगळी तपासणी वाया गेली असती. चार दिवसांत मिळणारा अहवाल अकराव्या दिवशी आला, आणि निसवणीच्या काळात हा आठवडा फार महाग पडतो. आकडे हेक्टरी आणि आमचा हिशेब एकरी, ही किरकोळ गैरसोय म्हणता येईल. खतांची छापील शिफारस मात्र कपाशी लावणाऱ्या शेजाऱ्याच्या कागदावर जशीच्या तशी होती, आणि ही गोष्ट किरकोळ नाही. ताई नसत्या, तर त्या कागदाला मी फारसे विचारले नसते.

मी ठिबकचा वेळ कमी केला, पोटॅश ठिबकमधूनच थोडे थोडे विभागून दिले आणि झिंक सल्फेटची फवारणी घेतली. पिवळी झालेली पाने अर्थातच परत हिरवी झाली नाहीत. वरच्या पानांच्या कडा मात्र शाबूत राहिल्या आणि कटाईच्या वेळी बहुतेक झाडांवर आठ-नऊ पाने उभी होती. त्यातले किती श्रेय पाण्याचे आणि किती पोटॅशचे, हे एका हंगामावरून वेगळे काढता येणार नाही. कांदेबागेसाठी (पावसाळ्यानंतरच्या लागवडीसाठी) मी पुन्हा तिथेच जाणार आहे. पान मात्र स्वतः तोडून नेईन, आणि ताई कोणत्या दिवशी भेटतात ते आधी फोन करून विचारीन.