क्विल्टिंग परत सुरू करताय? कटर, पट्टी, मॅट यावर पैसे घाला, बाकी पुण्याची बोहरी आळी आहेच

आधीच सांगते, ते ऑनलाइन दिसणारं झिपवाल्या पाऊचमधलं क्विल्टिंग (कापडाचे तुकडे जोडून, आत भरण घालून थर एकत्र शिवणं) किट घेऊ नका. कटर, मॅट, पट्टी, वर रंगीबेरंगी क्लिपा आणि खडूपण, फोटोत सगळं फार गोड दिसतं, पण मॅट असते वहीएवढी आणि पट्टी निघते सेंटीमीटरची. क्विल्टिंगचं सगळं गणित इंचात, शिवणीला पाव इंच, चौकोन अडीच इंचाचा, मग सेंटीमीटरची पट्टी घेऊन काय करणार? म्हणजे दोन मेन वस्तू बाद, उरल्या क्लिपा.

मी मधे बरीच वर्षं हे सगळं बंद करून ठेवलं होतं, आता परत सुरू केलंय. मशीन तेच जुनं उषा जानोम, सर्व्हिसिंग केलं आणि छान चालतंय, त्यामुळे नवीन मशीनच्या भानगडीत पडलेच नाही. माझं मत विचाराल तर परत सुरू करणाऱ्याने नवीन मशीनला हात लावूच नये, पैसे कापायच्या सामानात घालावेत. कारण शिवण थोडी इकडेतिकडे गेली तर उसवता येते, कापड वाकडं कापलं गेलं की ते गेलंच.

आता कटर. रोटरी कटर म्हणजे गोल ब्लेडचा, हँडल धरून ढकलायचा. ओल्फा या जपानी कंपनीने 1979 साली पहिला काढला, अजूनही त्यांचाच चांगला आहे. साइज 45 मिमीच घ्या. 28 चा छोटा असतो तो गोलाईला, ॲप्लिकला (कापडावर कापडाचे आकार शिवायला) बरा, पण सरळ लांब पट्ट्या कापताना दमवतो, आणि 60 चा जड पडतो. ओल्फाचा हजाराच्या पुढे जातो, तसाच दिसणारा बिननावाचा तीन-चारशेत मिळतो. मी दोन्ही वापरलेत. बिननावाच्याला ब्लेड ठीकठाक असतं, खटका मात्र सैल, ब्लेड पुरतं आत जात नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हा विषय इथेच संपला, चांगला घ्या. एक मधला मार्ग म्हणजे हँडल चांगलं घ्यायचं आणि 45 चे स्वस्त ब्लेड पाकिटाने आणायचे, बहुतेक बसतात. कापताना मधेच एखादा धागा तसाच राहायला लागला की समजायचं ब्लेड गेलं किंवा त्याला खाच पडलीय. आणि जुनं ब्लेड तसंच कचऱ्यात टाकू नका हं, पुठ्ठ्यात घालून सेलोटेप गुंडाळा आणि कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना सांगून हातात द्या, त्या हाताने कचरा वेगळा करतात.

मॅटसाठी अप्पा बळवंत चौकात जा. शिलाईच्या दुकानात नाही, स्टेशनरीच्या. आर्किटेक्चरच्या पोरांना मॉडेल कापायला लागते तीच हिरवी सेल्फ हीलिंग मॅट (कापताना खाली ठेवायची, ब्लेडच्या रेघा आपोआप बुजतात), दुसरी काही नसते. A3 घ्यायची की A2 यावर फार डोकं चालवायची गरज नाही, हिशोब सोपा आहे. आपल्याकडे कॅम्ब्रिक या सुती कापडाचा पन्हा साधारण 44 इंच, एक घडी घातली की 22, दोन घातल्या की 11. A2 मॅट लांबीला जवळजवळ 24 इंच, म्हणजे एका घडीचं कापड मावतं. A3 वर दोन घड्या घालून 11 इंच मावतं, पण चार थर एकदम कापताना घडी जरा तिरकी पडली तर कापडाची पट्टी उलगडल्यावर मधे कोपरासारखी वाकते. जागा असेल तर A2 च. घेताना एका बाजूला इंच आहेत ना ते उलटून बघा, नुसत्या सेंटीमीटरच्यापण असतात. मॅट आडवी सपाट ठेवायची, कपाटामागे उभी नाही, आणि एप्रिल-मेमधे गाडीत तर अजिबात विसरायची नाही, उन्हाने वाकली की परत सरळ होत नाही. तिच्यावर इस्त्रीपण नको, तेच कारण.

पट्टी ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वस्तू, आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. शाळेतली स्टीलची पट्टी चालत नाही, ती अरुंद असते, बोटं ब्लेडच्या वाटेत येतात, आणि खालचं कापड दिसत नाही. जाड, पारदर्शक ॲक्रिलिकची पाहिजे, 6 बाय 24 इंच, पाव इंचाच्या आणि 45 अंशाच्या रेघा असलेली. 24 का, तर वरचं तेच 22 चं गणित. ही मला पेठेत मनासारखी मिळाली नाही, ऑनलाइनच मागवली. एका दुकानातले काका म्हणाले, "अहो ताई, पिझ्झा कापायच्या वस्तूने कापड कापताय, साधी कात्री घ्या की." काकांचं अगदीच चूक नाही, कात्री लागतेच, पण अडीच इंचाच्या पंधरा सारख्या पट्ट्या (एक मीटर कापडात तेवढ्याच बसतात) कात्रीने कापून दाखवा म्हणावं. पट्टी कापडावर सरकत असेल तर मागून बारीक सँडपेपरचे तुकडे चिकटवा, फॅन्सी ग्रिपची गरज नाही.

जुना डबा उघडाल तेव्हा दोरे आधी तपासा, हातभर दोरा घेऊन खेचा, पटकन तुटला तर कितीही आवडता रंग असू दे, टाकून द्या. गंजक्या टाचण्या आणि सेफ्टी पिना बाद, कापडाला डाग पडतो आणि निघत नाही. टाचण्या नव्या घेताना काचेच्या डोक्याच्या मागा, प्लॅस्टिकच्या इस्त्रीखाली वितळतात. मशीनची सुई 14 नंबर, शिवायला सुरुवात करतानाच नवी लावा. हाताने टाके घालणार असाल तर मात्र नंबर उलटे चालतात, मशीनमधे मोठा नंबर म्हणजे जाड सुई, हातसुईत मोठा नंबर म्हणजे बारीक. क्विल्टिंगला आखूड सुया लागतात, नऊ किंवा दहा नंबर, दुकानात बिटवीन्स म्हणून मागा, नाहीतर भरतकामाच्या लांब सुया हातात देतील.

दोरे, टाचण्या, सुया, शिवाय खडू, सीम रिपर (टाके उसवायचं हत्यार), बॉबिन, बोहरी आळी आणि तुळशीबागेत आरामात मिळतं आणि ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतं. गाडी नेऊ नका, मंडई मेट्रोने उतरा आणि चालत जा. कापडाला लक्ष्मी रोडची मॅचिंग सेंटरं बेस्ट, प्लेन रंगांची एवढी रांग दुसरीकडे नाही, फक्त ब्लाउजची रुबिया देतील ती नको, पातळ पडते, कॉटन कॅम्ब्रिक मागायचं. लाल आणि गडद निळा आधी धुवून घ्या, रंग जातो.

पाण्याने जाणारं निळं मार्किंग पेन चांगलं आहे, पण रेघ पुसायच्या आधी इस्त्री फिरवलीत तर ती कायमची बसू शकते. इस्त्रीने गायब होणारे पेन त्याच्या बरोबर उलटे. दोन्ही एका डब्यात ठेवू नका एवढंच.

पाव इंचाचा फूट (मशीनच्या सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) घ्यावा का? घ्या, स्वस्त आहे, लो शँकचा, म्हणजे आखूड दांडीच्या मशीनला बसणारा बघून घ्या. आल्यावर दीड इंचाच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडून इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर एक इंच भरली तर फूट आणि तुमचा हात दोन्ही ठीक, कमी भरली तर शिवण जाड जातेय. वॉकिंग फूट लगेच नको, तो वरचं कापड, भरण आणि अस्तर असे तिन्ही थर एकत्र शिवताना लागतो, तोपर्यंत तुम्ही टिकताय का ते कळेल.

आणि ज्यांना गोधडीच करायचीय त्यांनी वरचं सगळं सोडून द्या. माझी आत्या जुन्या नऊवारीचे थर जमिनीवर अंथरून, टाचण्यासुद्धा न लावता, कडेकडेने धावदोरा घालत मधे यायची. तिला मॅट दाखवली असती तर तिने त्यावर भाजी चिरली असती. पण तेच ठिगळांचं डिझाइन नेमक्या कोपऱ्याला कोपरा जुळवून हवं असेल, तर कटर-पट्टी लागणारच.

आत काय भरायचं हे ज्याच्या त्याच्या घरावर. पॉलिएस्टर वॅडिंग (भरायचा मऊ थर) जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मिळतं, पुण्याच्या थंडीला शंभरचं पुरे, दोनशेचं घेतलंत तर फुगतं आणि घरच्या मशीनखाली ढकलताना खांदे जातात. मी सध्याच्या क्विल्टला वॅडिंग न घालता जुनी धुवट सुती साडी दुहेरी करून घातलीय, उन्हाळ्यात एसीत अंगावर घ्यायला तेवढं भरपूर होतं.