मधली संख्या x धरून क्रमागत संख्यांची उदाहरणं: जूनपासून वापरतोय, त्याचा अनुभव

सांगलीत विश्रामबागेत आमच्या घरी भाचा आणि त्याचे मित्र, नववी-दहावीची पोरं, संध्याकाळी गणिताला बसतात. क्रमागत संख्यांचं शाब्दिक उदाहरण आलं की सगळे x, x+1, x+2 ने सुरू करायचे, जूनपासून मी त्यांना मधली संख्या x धरायला लावतोय, म्हणजे x−1, x, x+1. मला ही पद्धत मनापासून आवडलीय.

साधं उदाहरण, मार्केट यार्डात हळदीच्या तीन पोत्यांवर ओळीने नंबर टाकलेत, बेरीज 87. −1 आणि +1 उडाले, 3x = 87, x = 29, म्हणजे 28, 29, 30. इथं फार काही वाचत नाही, 3x + 3 = 87 पण कुणीही सोडवतं. खरी मजा वर्गसमीकरणात. दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार 168. x आणि x+2 धरलं तर x² + 2x − 168 = 0, मग 168 चे अवयव शोधत बसा, 14 आणि 12 सुचले तर ठीक नाहीतर पोरगं तिथंच अडकतं. त्यापेक्षा दोघांच्या मधली विषम संख्या m धरा, (m−1)(m+1) = 168, म्हणजे m² = 169, m = 13 किंवा −13. संख्या 12 आणि 14, किंवा −14 आणि −12. भाच्यानं लगेच विचारलं, "मामा, वजा पण चालतंय?" चालतंय की! प्रश्नात 'पूर्णांक' असेल तर दोन्ही जोड्या लिहायच्या, 'नैसर्गिक' असेल तर वजावाली सोडायची. वर्गमूळ काढताना ± समोरच दिसतं म्हणून दुसरी जोडी आता कुणी विसरत नाही, माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच.

तोटा पण आहे. x मिळाला की पोरं तेच उत्तर लिहून मोकळी होतात आणि प्रश्नात विचारलेली असते सर्वात लहान संख्या. म्हणून पहिल्या ओळीत "समजा, सर्वात लहान संख्या x−1" असं पूर्ण लिहायला लावतो. क्रमागत विषम म्हटलं की हात आपोआप +1 कडे जातो, ते मात्र या पद्धतीनं सुटत नाही, x−2, x, x+2 वेगळं घोटून घ्यावं लागतं.

चार क्रमागत संख्या असतील तर मधे पूर्णांकच येत नाही, तिथं सरळ लहान संख्या x धरून सुरू करायचं, बेरीज 54 असेल तर 4x + 6 = 54, x = 12. आणि बेरीज 56 दिली तर असे चार पूर्णांक नाहीतच, कारण 4x + 6 ला 4 ने भागलं की बाकी 2 उरणारच, हे पोरांना फार आवडलं.

दहावीवाल्यांसाठी अजून एक, अंकगणिती श्रेढीत, म्हणजे जिथं प्रत्येक पुढचं पद आधीच्यात ठरावीक d मिळवून येतं, तीन क्रमागत पदं a−d, a, a+d धरतात ती हीच कल्पना, त्यामुळे ती उदाहरणं आमच्याकडे भराभर उरकली.