इमारत मधोमध की कडेला?

सामुदायिक केंद्राची इमारत प्लॉटच्या मधोमध असावी की एका कडेला लावून समोर अंगण ठेवावं? दोन्ही प्रकारच्या केंद्रांत मी बरीच वर्षं वावरलो आहे. दुसऱ्या, अंगणाच्या केंद्राचा आराखडा ठरताना समितीतही होतो.

इमारत मधोमध आणि भोवती बाग, हा आराखडा कागदावर देखणा दिसतो. चारही बाजूंना खिडक्या, वारा खेळता. हे त्याचं खरं बळ. कडेच्या इमारतीला ते पूर्ण मिळत नाही. पण हिशेब करून पाहा. प्लॉट २० बाय ३० मीटर, इमारत १० बाय २०. मधोमध ठेवली तर ४०० चौरस मीटर मोकळे उरतात, पण ५ मीटर रुंदीच्या पट्ट्यांत. तीच इमारत आखूड बाजूला लावली की २० बाय २० चं सलग अंगण मिळतं. (नियमाने सोडावं लागणारं अंतर त्यातून वजा करा.)

माझं मत पक्कं झालं ते मुलांमुळे. पहिल्या केंद्रात ती इमारतीभोवती पळायची आणि मागच्या पट्ट्यात गेली की दिसेनाशी व्हायची. बैठक रंगात आली की कुणाची तरी आई उठून फेरी मारून यायची. ती टेकते तोच दुसरी उठायची. बोलणं तुटायचं. काही जणी पुढे यायच्याच थांबल्या, ते मला अजून खुपतं. अंगणाच्या केंद्रात ओसरीवर बसल्या बसल्या सगळी मुलं नजरेत राहतात.

सलग अंगणात खुर्च्याही सावलीमागे सरकवता येतात. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत हेच टिपलं होतं: सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी तरी हलवतो. ती जागा मग त्याची होते.

जोत्याचंही बघा. ४५ सेंटीमीटर उंचीला १:१२ उताराचा (१२ मीटर लांबीत १ मीटर चढ) रॅम्प म्हणजे ५.४ मीटर लांबी. अरुंद पट्टीत तो इमारतीला चिकटून, मुख्य दारापासून दूर कुठेतरी जातो. अंगण असेल तर जमिनीलाच १:२० चा उतार द्यावा. ९ मीटरांत व्हीलचेअर आणि चालणारे एकाच वाटेने आत येतात, आणि नवख्यालाही आत काय चाललंय ते चालता चालता दिसतं.

कडेला अगदी खेटून कुणाचं घर असेल, तर आवाजाचा त्रास त्यांना होईल. तिथे कदाचित मधोमधच बरं. एरवी मी कडेलाच म्हणेन. फक्त ओसरी अंगणाकडे असावी आणि निदान अडीच मीटर रुंद, म्हणजे खुर्च्या मांडल्या तरी समोरून माणूस जाऊ शकेल.