कुत्रा पाळायचाय, पण लॅब्राडूडल की कॉकापू?
फ्लॅटमध्ये राहत असाल तर मी कॉकापूच सुचवेन. कॉकर स्पॅनियल आणि पूडल या दोन जातींचा हा संकर अंगाने लहान, स्वभावाने लाघवी. पण माणसाचा इतका लळा, की दिवसभर एकटं ठेवलं तर भुंकून घर डोक्यावर घेतो. लॅब्राडूडल म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर; मोठा, हुशार. त्याला रोज भरपूर पळवायलाच हवं. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी हवाईतल्या एका अंध महिलेसाठी त्याची पैदास केली, कारण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. तरी अ‍ॅलर्जी होणारच नाही, ही हमी दोघांचीही नाही. एकाच वेतातली पिल्लंसुद्धा वेगवेगळी निघतात. आणि विंचरायचा कंटाळा केलात, तर कानामागे, काखेत केसांच्या गाठी होऊन कातडी ओढली जाते. त्या मुक्या जिवाला फार दुखतं हो.